दोर सोडण्याआधी पैसे जमा झाले का, एवढं विचारा : घोडेबाजार भरवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
घोडेबाजार भरवणाऱ्या बाजार समित्या, यात्रा समित्या, ग्रामपंचायती आणि जिल्हा परिषदांचे पदाधिकारी,
सारंगखेडा, अकलूज, माळेगाव आणि इतरत्र

सप्रेम नमस्कार वि. वि.

दिवाळीच्या सुमारास अकलूज, दत्तजयंतीला तापीकाठचं सारंगखेडा, मार्गशीर्ष सरता सरता खंडोबाचं माळेगाव. आमच्यासारख्या घोडे पाळणाऱ्यांचं वर्षाचं गणित या मुक्कामांवर सुटतं किंवा फसतं. बाजाराच्या आधी पाणी, दिवे, चारा, जनावरांचे डॉक्टर, पोलीस चौकी या सगळ्याची धावपळ तुम्ही करता. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी लिहितोय ते घोडा विकणाऱ्याच्या फसवणुकीबद्दल, कारण तिच्यावर कुणी बोलत नाही.

घेणाऱ्याला शहाणपण शिकवायला बाजारात पावलोपावली माणसं भेटतात. दात बघ, वय कळेल. पायावरून हात फिरव, सूज असेल तर लागेल. थोडा पळव, मग पाणी पाज. देवमन आहे का बघ, साप भोवरा नाही ना बघ. (शुभ-अशुभ मानल्या जाणाऱ्या केसांच्या या भोवऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही. पण साप भोवऱ्याचं नाव काढून दहा-वीस हजार पाडून घेणारे गिऱ्हाईक मात्र दर बाजारात भेटतात.) विकणाऱ्याला कुणी काही सांगत नाही. माल याच्याकडे, मग याला कोण फसवणार, असा सगळ्यांचा समज. घोडा पुढे गेला आणि पैसे मागे राहिले, की हा समज उतरतो.

पूर्वी सौदा रुमालाखाली बोटांच्या खुणांनी व्हायचा, पैसे पिशवीतून यायचे आणि मध्ये उभा असलेला दलाल दोन्ही बाजूंना ओळखीचा असायचा. तो काही साधुसंत नव्हता. पण पुढच्या वर्षी त्याला त्याच झाडाखाली बसायचं होतं, म्हणून तो जामिनासारखा उभा राहायचा. आता गिऱ्हाईक राजस्थान, पंजाब, गुजरात, उत्तर प्रदेश, कुठूनही येतं. दलाल फोनवर असतो. पैसा पडद्यावर असतो. घोडा तेवढा खरा असतो, आणि तो गाडीत चढवायला पाच मिनिटं पुरतात.

एक प्रकार सविस्तर सांगतो, कारण जुन्या मोटारसायकलींच्या व्यवहारातून तो आता जनावरांकडे आला आहे आणि चांगली शिकलेली माणसंही त्यात सापडतात. समजा, तुम्ही तुमच्या मारवाडी घोडीचा व्हिडिओ मोबाइलवर टाकला. किंमत साडेतीन लाख. एकाचा फोन येतो. गोड बोलतो, फार घासाघीस करत नाही, तीन लाख तीसला तयार होतो. घोडीचे आणखी फोटो मागतो, आधारकार्डाचा फोटो मागतो, ‘कागदासाठी’ म्हणून. मग म्हणतो, मी कामात अडकलोय, माझे मेहुणे बघायला येतील. त्यांच्याकडे माझे जुने पैसे अडकलेत, तेव्हा त्यांच्याशी भावाचं काही बोलू नका, विचारलं तर फक्त ‘ठरलंय’ म्हणा. इकडे त्याच माणसाने तुमचेच फोटो आणि तुमचंच आधारकार्ड दाखवून तिसऱ्याच एका गिऱ्हाइकाला तीच घोडी दोन लाखाला देऊ केलेली असते. त्याला सांगितलेलं असतं, घोडी माझ्या भावाच्या दावणीला आहे, तो जरा तिरसट आहे, त्याच्याशी पैशाचं बोलू नका. गिऱ्हाईक तुमच्या दारात येतं, घोडी बघतं, खूश होतं आणि तुमच्यासमोर उभं राहून त्या तिसऱ्याच्या खात्यावर दोन लाख टाकतं. मग दोर हातात घ्यायला पुढे येतं. तुम्ही म्हणता, पैसे कुठायत? ते म्हणतं, आत्ता तर दिले.

पुढे काय होतं, ते तुम्ही ओळखालच. फोनवाला फोन बंद करतो. दोन खरी माणसं एकमेकांना चोर ठरवतात, गर्दी जमते, आणि ज्याच्या बाजूने माणसं जास्त तो घोडी घेऊन जातो. बाजारात परगावचा विकणारा असला, तर ती माणसं बहुधा त्याच्या बाजूची नसतात. हे सगळं टाळायला एकच प्रश्न पुरला असता. समोर आलेल्या माणसाला विचारायचं, तुम्ही किती देताय आणि कुणाला देताय? जो कुणी हा प्रश्न विचारू नका म्हणतो, त्याच्याशी सौदा करायचा नाही. तो फार तर चिडेल.

बाकीचे प्रकार थोडक्यात सांगितले तरी चालतील. पैसे पाठवल्याचा बनावट स्क्रीनशॉट. हुबेहूब पेमेंट ॲपसारखं दिसणारं खोटं ॲप, ज्यात हिरवी खूण येते, टिंग आवाजही येतो, खात्यात मात्र काही येत नाही. ‘चुकून पन्नास हजार जास्त गेले, तेवढे परत करा’ म्हणणारा खोटा बँकेचा मेसेज. सैन्यातला अधिकारी असल्याचं ओळखपत्र पाठवून ‘हा क्यूआर कोड स्कॅन करा, पैसे येतील’ सांगणारा. इथे एक नियम लहान पोरालाही पाठ असावा : पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही. पिन मागितला, की पैसे तुमच्या खात्यातून जाणार आहेत.

आणि सगळ्यात जुना, सगळ्यात सभ्य दिसणारा प्रकार म्हणजे इसार. लाखाचा इसार हातावर ठेवायचा, घोडा गाडीत चढवायचा आणि बाकीचे घरी पोहोचल्यावर पाठवतो म्हणायचं. घरी पोहोचल्यावर फोन येतो की घोडा लंगडतोय, तुम्ही आम्हाला फसवलंत, आता पन्नास हजारच देऊ. घोडा चारशे-पाचशे किलोमीटरवर. घ्यायला जायचं तर गाडीभाडं तुमचं. बहुतेक जण पन्नास घेऊन गप्प बसतात. याची फिर्याद होत नाही, म्हणून पोलिसांच्या आकड्यांत हा प्रकार दिसायचा नाही. आमच्यात मात्र ज्याला विचाराल त्याच्याकडे अशी एखादी हकिगत निघेल.

आता कायद्याचं. मी वकील नाही, पण माल विक्री कायदा, १९३० मी मन लावून वाचला आहे आणि घोडे विकणाऱ्या प्रत्येकाला त्यातली दोन-चार कलमं ठाऊक असावीत असं माझं मत आहे. कलम ४७ म्हणतं, पैसे मिळाले नसतील तर विकणाऱ्याला माल अडवून ठेवण्याचा हक्क आहे. सौदा पक्का झाला असला तरी. कलम ४९ म्हणतं, माल कायदेशीरपणे घेणाऱ्याच्या ताब्यात गेला की तो हक्क संपला. म्हणजे जोवर दोर आपल्या हातात, तोवर कायदा आपल्या बाजूने भक्कम उभा. दोर सुटला की आपण फक्त एक येणेकरी उरतो आणि कोर्टाच्या तारखा मोजत बसतो.

इथे काही जण म्हणतील, पावतीवर लिहून घेऊ की, ‘पूर्ण रक्कम मिळेपर्यंत घोड्याची मालकी विक्रेत्याची राहील.’ जरूर लिहावं. त्याचा उपयोग आहे. पण त्यावर विसंबून घोडा सोडू नये, कारण त्याच कायद्यातलं कलम ३० आडवं येतं. तुमच्या संमतीने घोडा ज्याच्या ताब्यात गेला, त्याने तो पुढच्या बाजारात एखाद्या प्रामाणिक माणसाला विकला आणि त्या माणसाला तुमच्या हक्काची काही कल्पना नसली, तर तो घोडा त्या माणसाचा होऊ शकतो. फसवून केलेल्या सौद्यात तर कलम २९ आहे : तुम्ही सौदा रद्द करण्याआधी घोडा तिसऱ्या प्रामाणिक हातात गेला, तर त्या हाताला चांगली मालकी मिळते. ठगाला हे कलम पाठ असो-नसो, तो वागतो त्याप्रमाणेच. आज इथला घोडा दोन दिवसांत दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या नावावर. म्हणून फसवणूक लक्षात आली की आधी लेखी कळवावं, मेसेजने का होईना, की सौदा रद्द. मग बाकीचं.

तुमच्याकडे माझी मुख्य मागणी यातूनच निघते, आणि ती एकच आहे. विक्रीची पावती आणि घोडा बाजाराबाहेर नेण्याचा दाखला, हे पैसे विकणाऱ्याच्या खात्यात जमा झाल्यावरच मिळावेत. घोडा गाडीत चढवायच्या जागेवर तुमचा माणूस असावा. दाखला नसेल तर घोडा चढणार नाही. बस्स. विकणाऱ्याचा माल अडवून ठेवण्याचा हक्क कायद्यात आहेच, पण रात्री अकराला सात-आठ अनोळखी माणसांच्या गराड्यात एकट्या म्हाताऱ्याला तो बजावता येत नाही. तुमच्या फाटकाला येतो.

तुम्ही म्हणाल, पैसे जमा झाले की नाही हे आम्ही कसं ओळखणार? स्क्रीनशॉटवरून नक्कीच नाही. गिऱ्हाइकाने सांगितलेल्या यूटीआर नंबरवरूनही (बँकेच्या व्यवहार क्रमांकावरूनही) नाही, कारण आकडे कुणीही टाइप करतं. विकणाऱ्याने स्वतःच्या बँकेच्या ॲपमध्ये किंवा बँक मित्राकडे शिल्लक बघून ‘रक्कम मिळाली’ अशी सही केली पाहिजे. अडचण अशी की यात्रेत लाखो माणसं जमतात आणि नेमकं तेव्हाच मोबाइलचं नेटवर्क मान टाकतं. ठगांना ही वेळ फार आवडते. ‘आमच्याकडून गेलेत, तुमच्याकडे नेटवर्क नाही म्हणून मेसेज आला नाही,’ हे वाक्य ऐकून घोडे गेले आहेत. तेव्हा नोंदणीच्या तंबूत तारेवरचं इंटरनेट घ्या. तालुक्यातल्या एखाद्या बँकेला चार दिवस टेबल टाकायला सांगा. येतील ते, त्यांनाही नवी खाती हवीच असतात. बँक बंद आहे, सोमवारी पाठवतो, ही सबबही आता चालायला नको. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालू असतात. दोन लाखांच्या वरची रक्कम आरटीजीएसने रात्रीही जाते. साधारण यूपीआयला दिवसाची लाखाची मर्यादा असते, म्हणून पाच लाखांचा घोडा कुणी एका यूपीआयमध्ये घेतल्याचं दाखवत असेल तर तिथेच शंका यावी.

चेक घ्यायचा असेल तर घोडा चेक वटेपर्यंत आपल्या दावणीला राहील, चाऱ्याचा खर्च गिऱ्हाइकाचा, असं लिहून घ्यावं. चेक परत आला तर पराक्राम्य दस्तऐवज कायद्याचं कलम १३८ आहे, पण त्याच्या मुदती काटेकोर आहेत. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर १५ दिवस देणाऱ्याला, आणि त्यानंतर महिन्याच्या आत कोर्टात तक्रार. आमच्यातले लोक ‘देतो देतो’ ऐकत पहिली मुदतच घालवतात.

रोख रकमेबद्दल एक गोष्ट बाजारात मोठ्या पाटीवर लिहावी अशी आहे. आयकर कायद्यानुसार एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारता येत नाही, आणि दंड होतो तो रोख घेणाऱ्याला. म्हणजे विकणाऱ्याला. दंडही तेवढ्याच रकमेचा. आज एक लाख नव्वद, उद्या एक लाख नव्वद, असं तोडून घेतलं तरी सौदा एकच असल्याने सुटका नाही. तेव्हा ‘रोख देतो, पन्नास हजार कमी करा’ म्हणणारा माणूस त्याची जोखीम तुमच्या गळ्यात घालत असतो. शिवाय पाचशेच्या नोटांच्या बंडलात खोट्या नोटा निघाल्या तर त्या कुणी दिल्या हे सिद्ध करता करता नाकी नऊ येतात. नोंदणीच्या टेबलावर नोटा मोजायचं आणि तपासायचं यंत्र ठेवलं तर कुणाची हरकत असायचं कारण नाही.

एक गोष्ट आमच्या लोकांना आवडणार नाही, तरी लिहितो. बाजार फी वाचावी म्हणून पावतीवर किंमत कमी दाखवायची आमची खोड आहे. साडेतीन लाखांचा घोडा कागदावर साठ हजारांचा. घेणारा आणि विकणारा दोघंही हसत सही करतात. पुढे पैसे बुडाले की तोच विकणारा पोलीस ठाण्यात जाऊन साडेतीन लाखांची फिर्याद मांडतो आणि हवालदार पावतीकडे बोट दाखवतो. कागदावर साठ लिहून साडेतीन लाख मागणाऱ्याचं कोण ऐकणार? यावर तुमच्या हातात एक उपाय आहे. फी किमतीच्या टक्केवारीत असेल तर चोरी होणारच. एका मर्यादेच्या वर फी ठरावीक ठेवता येते का, याचा नियम तपासून पाहा. तुमचं उत्पन्न थोडं घटेल कदाचित. पण खऱ्या किमतीच्या पावत्या फाटू लागतील, आणि बाजारात किती उलाढाल झाली हे पेपरवाल्यांना सांगताना अंदाज करावा लागणार नाही. (पेपरवाल्यांचं निघालंच आहे तर : कोटीच्या घोड्याची बातमी दरवर्षी येते आणि मालक तो विकणार नसतो हेही दरवर्षी छापून येतं. त्या बातम्यांनी बाजाराला गर्दी होते हे खरं. ठगांनाही त्याच बातम्यांतून कळतं की इथे पैसा आहे.)

चाचणीबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं. ‘रपेट मारून बघतो’ म्हणून घोड्यावर बसलेला माणूस परत न येण्याचा प्रकार क्वचित घडतो, त्याला उपाय साधा आहे : बसणाऱ्याची गाडीची चावी किंवा त्याचा सोबती आपल्याजवळ ठेवायचा, आणि रपेट तुमच्या आखलेल्या मैदानातच. खरी गुंतागुंत असते ती ‘पंधरा दिवस घरी नेऊन बघतो, आवडला तर ठेवतो’ या प्रकारात. लग्नाच्या वरातीसाठी घोडी घेणारे, नाचरा घोडा घेणारे, माथेरानला पर्यटकांसाठी घोडे ठेवणारे, बैलगाडा शर्यतीच्या घाटात बैलांपुढे पळायला घोडी शोधणारे, या सगळ्यांना चाचणी हवी असते आणि त्यात त्यांचं चूक काही नाही. ढोल-ताशा आणि फटाके ऐकून बुजणारी घोडी वरातीत काय कामाची? पण कलम २४ नुसार पसंतीसाठी दिलेला माल ठरलेल्या मुदतीपर्यंत मालकाचाच राहतो. म्हणजे त्या पंधरा दिवसांत घोडीला पोटशूळ झाला आणि ती गेली, तर साधारणपणे ती तुमची गेली, त्यांची नाही, जोवर तुम्ही वेगळं लिहून घेतलेलं नाही. मुदतच लिहिली नसेल तर ‘वाजवी मुदत’ म्हणजे किती यावर भांडत बसावं लागतं. नर घोडा असेल तर आणखी एक धोका. चाचणीच्या नावाने जातिवंत घोडा न्यायचा, पंधरा-वीस घोड्या लावून घ्यायच्या आणि ‘आमच्या वातावरणात रमला नाही’ म्हणून परत पाठवायचा. घोड्याची झीज तुमची, शिंगरं त्यांची. म्हणून चाचणीच्या कागदावर मुदतीची तारीख, पूर्ण रकमेची अनामत, त्या काळातली जोखीम कुणाची आणि घोडी लावायची नाही, हे चार मुद्दे असल्याशिवाय दोर सोडू नये. तुम्ही असा छापील नमुना ठेवलात तर मागताना विकणाऱ्याला अवघड वाटणार नाही. आपल्याकडे लेखी मागितलं की समोरचा म्हणतो, विश्वास नाही का? छापील कागद असला की तो बाजाराचा नियम होतो, कुणाचा अपमान राहत नाही.

आता आमच्या बाजूचं. विकणाऱ्याने खोड लपवली, तर घेणाऱ्याच्या हाती आयतं हत्यार येतं. पांढरे केस रंगवून घोडा मुष्की (काळा) करणं, दुखणं दाबायचं इंजेक्शन देऊन लंगडा घोडा चार तास सरळ चालवणं, दात घासून वय कमी दाखवणं, हे बाजारात होतं आणि आपण सगळे जाणतो. भारतीय करार कायदा, १८७२ मध्ये फसवणुकीचं जे कलम १७ आहे, त्याखालची पहिली तीन उदाहरणं चक्क घोड्याची आहेत. लिलावात सदोष घोडा विकताना मालक गप्प बसला तर ती फसवणूक नाही, असं पहिलं उदाहरण सांगतं. ते वाचून काहींना आनंद होईल. त्यांनी तिसरंही वाचावं : घेणारा म्हणाला, ‘तुम्ही नाकारलं नाहीत तर घोडा निरोगी आहे असं मी धरतो,’ आणि मालक गप्प राहिला, तर ते गप्प राहणं बोलण्यासारखंच. (दुसरं उदाहरण तर मजेशीर आहे. घेणारी मालकाची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर त्याने दोष सांगितलाच पाहिजे. दीडशे वर्षांपूर्वी कायदा लिहिणाऱ्याला बापाचीही खात्री नव्हती.)

मी तर म्हणतो, दोष लिहूनच द्यावेत. ‘उजव्या मागच्या पायाला जुनी सूज, पावसाळ्यात जाणवते. ट्रॅक्टरच्या आवाजाला बुजतो. नाल मारताना पाय उचलू देत नाही.’ खाली घेणाऱ्याची सही. एवढं लिहिलेल्या घोड्याबद्दल महिन्याने फोन करून पैसे परत मागायला माणूस कचरतो. किंमत थोडी कमी येते हे मान्य. पण ‘घोडा लंगडतोय, पन्नासच देऊ’ म्हणणाऱ्याला दाखवायला आपल्याकडे कागद असतो. बाजारातल्या पशुवैद्यकीय डॉक्टरांकडून सौद्याच्या दिवशी तपासणीचा दाखला घेतला तर दोघांचाही प्रश्न मिटतो. तसंही घोडा गाडीतून न्यायला तो प्रवासाला योग्य असल्याचा डॉक्टरांचा दाखला लागतोच. तोच कागद, तेच टेबल, तीच वेळ. ग्लँडर्सच्या रक्ततपासणीचा अहवाल मागणाऱ्या गिऱ्हाइकावर चिडू नये. हा रोग माणसालाही होतो आणि त्यात सापडलेला घोडा मारावा लागतो. ताजा अहवाल हाती असला तर नंतर ‘तुमच्याकडूनच रोग आला’ हा आरोपही टिकत नाही.

ओळखीचा मुद्दा राहिला. फसवणुकीचा एक प्रकार परत येणाऱ्या घोड्याचा आहे : तुमचा कुमैत (तांबूस तपकिरी) घोडा गेला, महिन्याने त्याच रंगाचा दुसराच लंगडा घोडा ‘हा तुमचाच’ म्हणून दारात उभा. पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंडावर पांढरा) असला, कपाळावर वेगळी खूण असली तर ओळखता येतो. एकरंगी घोड्याचं काय करणार? यावर मायक्रोचिप हा पक्का उपाय आहे. मानेत कातडीखाली तांदळाएवढी चिप, तिचा पंधरा आकडी क्रमांक, तो वाचायला हातात मावणारं यंत्र. नोंदणीकृत मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांना ती अनेकदा असतेच. अलीकडे स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळालेल्या आपल्या भीमथडीला आणि गावाकडच्या तट्टांना कागदच नसतात. त्यांच्यासाठी निदान दोन्ही बाजूंचे फोटो, भोवऱ्यांच्या जागा, पायांचे पांढरे पट्टे, उंची एवढं तरी पावतीच्या मागे असावं. चिप वाचायचं यंत्र बाजारात एक असलं तरी पुरेल. आणि तुम्हा सगळ्या बाजारांचा मिळून एक मोबाइल ग्रुप करा, ज्यात फसवून नेलेल्या घोड्याचा चिप क्रमांक आणि फोटो तासाभरात सगळीकडे जाईल. सारंगखेड्याला गेलेला घोडा माळेगावला विकायला आला, तर तिथल्या फाटकावर तो ओळखला जावा. जाहीर सूचना लागलेली असली की पुढच्या घेणाऱ्यालाही ‘मला काही कल्पना नव्हती’ म्हणणं अवघड जातं, आणि वर सांगितलेल्या कलमांचा ठगाला होणारा फायदा तिथेच अडतो.

यात्रेच्या चौकीतल्या पोलीस साहेबांनाही याच पत्रात विनंती करतो. घोडा नेला, पैसे दिले नाहीत, म्हटलं की उत्तर येतं, हे दिवाणी आहे, कोर्टात जा. एखाद्याला पैसे द्यायला उशीर झाला तर ते दिवाणीच, मी मानतो. पण बनावट स्क्रीनशॉट दाखवून घोडा नेणाऱ्याच्या मनात पहिल्यापासून काय होतं, हे त्या स्क्रीनशॉटवरच लिहिलेलं असतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये फसवणुकीने मालमत्ता काढून घेण्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्या हद्दीत घडला हे न बघता फिर्याद घ्यायची आहे. परगावच्या माणसाला ‘तुमच्या गावच्या ठाण्यात जा’ म्हणून पाठवलं, की तो तिथे पोहोचेपर्यंत घोडा राज्याबाहेर गेलेला असतो. आणि पैसे चुकीच्या खात्यात गेले असतील, वर सांगितलेल्या मेहुण्याच्या गोष्टीतल्यासारखे, तर सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर तिथल्या तिथे फोन लावून द्या. लवकर कळवलं तर रक्कम खात्यात गोठवता येते. अशा वेळी घोडी कुणाची यावर भांडणाऱ्या दोघांपैकी एकालाही आधी कोंडू नका. दोघंही लुटलेले असण्याची शक्यता जास्त.

खर्चाचं म्हणाल तर दोन टेबलं, एक इंटरनेटची तार, नोटा मोजायचं एक यंत्र, चिप वाचायचं एक यंत्र आणि गाड्यांच्या फाटकावर पाळीपाळीने चार माणसं. कुस्त्यांच्या फडाला आणि नाचऱ्या घोड्यांच्या स्पर्धेला यापेक्षा जास्त लागतं. तो खर्चही करा, आम्हालाही बघायला आवडतं. नोंदणीच्या टेबलावर एखादा माणूस असा बसवा, ज्याला मराठीबरोबर अहिराणी, हिंदी आणि थोडी गुजराती येते, कारण आमच्यातल्या अनेकांना सही करता येते पण छापील कागद वाचता येत नाही. त्यांना तो मोठ्याने वाचून दाखवावा लागेल, घेणाऱ्याच्या समोर.

सोबत पावतीचा आणि चाचणीच्या कागदाचा एकेक नमुना जोडला आहे. तुमच्या वकिलांना दाखवा, हवे ते बदल करा. पावतीत ‘रक्कम खात्यात जमा झाल्याची विक्रेत्याने खात्री केली’ ही ओळ आणि तिच्याखालची सहीची जागा तेवढी काढू नका. सगळीकडे एकदम जमणार नसेल तर यंदा फक्त दोन लाखांवरच्या सौद्यांना हा नियम लावून पाहा, आणि बाजार उठल्यावर घोडेवाल्यांची एक बैठक बोलवा. अडचणी काय आल्या ते आम्हीच सांगू.

कळावे,
आपला,
तापीकाठचा एक घोडेवाला